शून्य रुपयाचं तिकीट

"फी तर भरलोय की ओ मॅडम. बसला पैसे लागत नाहीत. मग पोरगी कॉलेज का बुडवायली?"

जांबोटीकडच्या गावातले एक वडील ऑगस्टच्या पावसात भिजून माझ्यासमोर बसले होते. मुलगी बेळगावात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. हजेरी कमी असल्याची चिठ्ठी घरी गेली होती. कुणा मुलाची भानगड तर नाही ना, ही खरी धास्ती. असे आईबाप दर पावसाळ्यात येतात, आणि बहुतेकदा निघते ती पैशाची अडचण.

मुलीला एकटीला बसवलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) तिनं कंपास उघडला. आत शक्ती योजनेची शून्य रुपयाची तिकिटं, रबर लावून. जून 2023 पासून कर्नाटकात बायका-मुलींना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट, म्हणून हिला काही खर्चच नाही असं घरानं धरलेलं. पण बस सोडते स्टँडवर. तिथून शेअर रिक्षा, जाऊन-येऊन तीस रुपये. प्रॅक्टिकल चारला संपतं, गावची गाडी पावणेसातला. पहाटे बांधलेला डबा तोवर कुठं पुरतो? रिक्षाचे पैसे नसतील त्या दिवशी ती घरीच राहायची. दादा बारावीनंतर शिक्षण सोडून उद्यमबागच्या फौंड्रीत राबतो, त्याच्यापुढं परत हात कसा पसरायचा?

मग बापलेकीला समोरासमोर बसवून जुन्या कॅलेंडरच्या पानामागं हिशेब मांडला. रिक्षा 660, चहा-नाष्टा 440, रिचार्ज 300. महिन्याला 1,400, दहा महिन्यांचे 14,000. पुस्तकं, रेकॉर्ड, अ‍ॅप्रन, झेरॉक्स 3,500. दोन सेमिस्टरचे परीक्षा अर्ज 2,500. झाले 20,000. फी होती 9,800.

वडील बराच वेळ पानाकडं बघत राहिले.

मला आकड्यापेक्षा तारीख जास्त छळते. भाताचे पैसे दिवाळीनंतर हातात येणार, कॉलेजचा खर्च रोप लावणीतच सुरू. स्कॉलरशिप मी या हिशेबात धरतच नाही. नाडकचेरीचा, म्हणजे सरकारी महसूल कचेरीचा, उत्पन्नाचा दाखला काढा, आधारवरचं नाव मार्क्स कार्डशी जुळवा. हिचा अर्ज नावातल्या एका अक्षरावर अडकला होता. कागद कन्नडमध्ये, वडील मराठी वाचणारे, त्यामुळं सगळं तिच्याच डोक्यावर. बीसीएम, म्हणजे सरकारच्या मागासवर्ग कल्याण खात्याच्या, हॉस्टेलचा अर्ज तर राहूनच गेला. मोठा तोटा तो.

आईनं बचत गटातून 6,000 उचलले, भात विकून फेडायच्या बोलीवर. दादा पगार झाला की 1,400 बहिणीच्या खात्यात टाकायला लागला, तिनं तोंड उघडायच्या आत. हजेरी सावरली.

दिवाळीनंतर गटाचं कर्ज फेडून वडील परत आले. कॅलेंडरचं दुसरं पान घेऊन.

"धाकटा औंदा पीयूसी सेकंडला, बारावीला. त्याला शून्याचं तिकीट नाही न्हवं?"

पानामागं पहिली ओळ त्यांनीच लिहून आणली होती: बस पास.