षट्कोनी ड्राइव्हचा जुना सॉकेट सेट नेमका कोणाचा?

नाव नसलेला, चौकोनीऐवजी षट्कोनी ड्राइव्हचा (ड्राइव्ह म्हणजे हँडल आणि सॉकेट एकमेकांत बसतात तो भाग) अमेरिकन सेट कसा ओळखायचा, असा प्रश्न आहे. आधी ड्राइव्हच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. ते ७/१६ इंच, म्हणजे ११.१ मिमीच्या आसपास आलं, तर शिकागोच्या ड्युरो-इंडेस्ट्रो किंवा हिन्सडेल या नावांपासून शोध सुरू करा. ड्युरो आणि इंडेस्ट्रो या जोडकंपन्याच, त्यामुळे गोट्या (म्हणजे नट-बोल्टवर बसणारे सॉकेट) सारख्याच दिसल्या तर गोंधळू नका.

मग गोट्यांची बूडं रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करा. वायर ब्रश नको, पुसट अक्षरं कायमची जातात. टॉर्च आडवी धरली की ठसे उठून दिसतात. पेटंट क्रमांक सापडला तर अर्धं काम झालं: अमेरिकेचं दहा लाखावं पेटंट १९११ मधलं, वीस लाखावं १९३५ मधलं. अर्थात क्रमांकावरून फक्त ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच ठरतं. १९/३२, २५/३२ इंच अशी मापं असतील तर सेट बहुधा दुसऱ्या महायुद्धाआधीचा.

डब्यावर मात्र भरवसा ठेवू नका. डबा एकाचा, गोट्या तिघांच्या, हे सर्रास चालतं.