फळमाशीच्या अळीत चेतातंतूने किती वाढायचे हे कोण ठरवते?

अळीचा स्नायू वाढत असताना त्याला जोडलेल्या चेतातंतूने किती वाढावे हे मेंदू ठरवतो की स्नायू, असे आपण विचारले आहे. मी फोंड्याजवळच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो आणि विद्यार्थ्यांचा कल बहुधा मेंदूकडे असतो. प्रत्यक्षात वाढीचा एक मुख्य निरोप स्नायूकडून चेतापेशीकडे, म्हणजे उलट्या दिशेने जातो.

आधी एक खुलासा करतो. गोव्यात फळमाशी म्हटले की मानकुराद आंबा नासवणारी माशी आठवते, पण ती वेगळी. प्रयोगशाळेतील ड्रॉसोफिला ही काजूच्या हंगामात भाटीवर, म्हणजे फेणी गाळण्याच्या भट्टीवर, बोंडांचा रस आंबत ठेवलेल्या पिंपांभोवती घोंगावणाऱ्या चिलटांच्या जातकुळीतली, जेमतेम ३ मिलिमीटरची माशी आहे.

अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या सुमारे ४ दिवसांत तिच्या अळीच्या स्नायूचे पृष्ठक्षेत्र जवळजवळ १०० पट वाढते. एवढा स्नायू हलवायला चेतातंतू आणि स्नायू जिथे जुळतात तो सुरुवातीचा सांधा पुरत नाही, म्हणून चेतातंतूच्या टोकाशी माळेतील मण्यांसारख्या ज्या फुगीर गाठी असतात, त्या सतत वाढत जाव्या लागतात. स्नायू त्यासाठी जीबीबी नावाचे प्रथिन बाहेर सोडतो. ते चेतातंतूच्या टोकावरील 'विट' हा ग्राही (निरोप टिपणारे प्रथिन) आणि त्याचे जोडीदार ग्राही यांना चिकटले की आतल्या मॅड या प्रथिनाला फॉस्फेट लागतो आणि असे मॅड केंद्रकात जाऊन वाढीला लागणारी जनुके चालू करते.

निरोपाची दिशा कशावरून कळली, हे मला या सगळ्यात अधिक शिकण्यासारखे वाटते. विट नसलेल्या अळ्यांत सांधा खुरटलेला राहतो, हे २००२ मध्ये दिसून आले. विटचे जनुक केवळ चेतापेशींत परत घातले तर सांधा सावरतो, केवळ स्नायूंत घातले तर सावरत नाही. म्हणजे ऐकणारी चेतापेशी आहे. जीबीबीच्या बाबतीत पुढच्याच वर्षी उलट चित्र मिळाले : ते स्नायूत परत दिले की सांध्याचा आकार सुधारतो, म्हणजे बोलणारा स्नायू आहे. चेतापेशीचे केंद्रक मात्र सांध्यापासून दूर, चेतारज्जूत असते, आणि तिथपर्यंत वाहतूक करणाऱ्या डायनीन या प्रथिनाचा मदतनीस निकामी केला, तर फॉस्फेट लागलेले मॅड केंद्रकात साचतच नाही.

निरोप पोहोचणे जितके आवश्यक, तितकेच तो वेळेवर थांबणेही. चेतापेशी हे ग्राही पृष्ठभागावरून आत ओढून घेते आणि त्यांची विल्हेवाट लावते. या कामातील स्पिकथायिन हे प्रथिन नसेल तर गाठी प्रमाणाबाहेर वाढतात. माणसातील याच्याच नात्यातल्या एनआयपीए१ या जनुकातील बिघाडामुळे पाय ताठरत जाणारा एक आनुवंशिक विकार होतो, त्यामुळे ही ब्रेकची बाजू केवळ माशीपुरती उरत नाही. चेतातंतूही गप्प नसतो. त्याच्याकडून निघणारे विंगलेस हे प्रथिन सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या घडणीत भाग घेते.

हे सारे माणसाच्या स्नायूला जसेच्या तसे लावू नये. आपल्या चेता-स्नायू सांध्यावर निरोप पोचवणारे रसायन म्हणून ॲसिटिलकोलीन काम करते, तर माशीच्या सांध्यावर ग्लुटामेट, आणि त्या दृष्टीने माशीचा हा सांधा आपल्या दंडातील सांध्यापेक्षा आपल्या मेंदूतील बहुसंख्य उत्तेजक सांध्यांना अधिक जवळचा आहे.