कारच्या काचेवरचे बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग कसे काढावेत?

नागपुरात हे डाग बहुधा दोन कारणांनी पडतात: बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन ती उन्हातच वाळू देणे, किंवा खिडकीतल्या कूलरखाली ती उभी करणे. पाणी उडून जाते आणि त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार काचेवर चिकटून राहतात, म्हणून साबणाने कितीही घासले तरी ते निघत नाहीत. त्यांना सौम्य आम्लच विरघळवते. पांढरे व्हिनेगर आणि साधे पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवलेले मऊ फडके डागांवर पाच-दहा मिनिटे ठेवावे, नंतर हलक्या हाताने पुसून भरपूर पाण्याने धुवावे आणि काच लगेच कोरडी करावी. हे काम सकाळी, सावलीत करावे, कारण मे महिन्यातल्या तापलेल्या काचेवर व्हिनेगर क्षणात वाळते. ते रंगावर ओघळू देऊ नये. संडास साफ करायचे ॲसिड तर मुळीच वापरू नये. रबर आणि क्रोम दोन्ही खराब होतात. एवढे करूनही बोटाला खरखरीत कडे लागत असेल, तर सिरियम ऑक्साइडचे काचेचे पॉलिश जाणकाराकडून करून घ्यावे.