अल्बर्टाचा परवाना ओंटारियोत चालेल का?

प्रश्न : माझी बी.ई. (सिव्हिल) पदवी पुण्याची. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात प्रोफेशनल इंजिनिअरचा परवाना मिळून चार वर्षं झाली. आता ओंटारियो प्रांतातल्या टोरोंटोत नोकरी मिळते आहे, पण तिथल्या नियामक संस्थेने पदवीचा विषयवार अभ्यासक्रम नव्याने मागितला आहे. तांत्रिक परीक्षाही द्यावी लागेल, असं कळवलं आहे. कंपनी म्हणते, लगेच रुजू व्हा. नव्या फेडरल (केंद्राच्या) कायद्याने प्रांतांमधल्या भिंती पडल्या ना? टिल्मा कराराचा हवाला देऊ का?
– कॅलगरीतील एक वाचक

उत्तर : पत्रात टिल्माचं नाव घालूच नका. व्यापार, गुंतवणूक आणि कामगारांची ये-जा यांवरचा तो करार २००६ साली ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा या दोनच प्रांतांत झाला. त्यावर सस्कॅचवानच्या विधिमंडळ समितीने २००७ मध्ये सुनावण्या घेतल्या आणि तो प्रांत तेव्हा बाहेरच राहिला. त्याच धर्तीच्या २०१० च्या न्यू वेस्ट पार्टनरशिप करारात सस्कॅचवान आला, पण ओंटारियो या दोन्हींत नाही. जून २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेला कायदाही तुमच्या कामाचा नाही, कारण तो फेडरल नियमांपुरता आहे. इंजिनिअर, नर्स, शिक्षक यांचे परवाने प्रांतांच्या अखत्यारीत येतात.

तुमचा खरा आधार कॅनेडियन फ्री ट्रेड ॲग्रीमेंट, म्हणजे देशांतर्गत मुक्त व्यापाराचा करार. तो १ जुलै २०१७ पासून लागू आहे. त्याच्या सातव्या प्रकरणातलं कलम ७०५ सांगतं, की एका प्रांताचा परवानाधारक दुसऱ्या प्रांतात अर्ज करील, तर जादा प्रशिक्षण, अनुभव, परीक्षा किंवा मूल्यांकन न लादता त्याला त्याच व्यवसायाचा परवाना द्यायचा. मात्र करार सरकारांमधला आहे. तुम्ही तो घेऊन थेट कोर्टात जाऊ शकत नाही. प्रांताने कायदा केला की मगच तो तुमचा हक्क होतो. ओंटारियोने याच तत्त्वावर, आधीच्या देशांतर्गत कराराच्या वेळीच, २००९ मध्ये ओंटारियो लेबर मोबिलिटी ॲक्ट केला. पत्रात बोट ठेवायचं ते याच कायद्यावर.

संस्था फी मागू शकते, अल्बर्टाकडून ‘गुड स्टँडिंग’चं (नोंदणी सुरळीत असल्याचं) पत्र मागू शकते, चारित्र्य आणि गुन्हेगारी नोंदींची तपासणी करू शकते. ओंटारियोचे स्थानिक नियम माहीत असल्याचा पुरावाही मागता येतो. पुण्याच्या पदवीचं पुन्हा मोजमाप मात्र नाही. ते अल्बर्टाने एकदा केलेलं आहे.

अशा कायद्यांच्या चर्चेत नेहमी एक भीती मांडली जाते : सगळ्यांत सैल प्रांताचं माप उद्या साऱ्या देशाचं माप होईल. भीती अगदीच पोकळ नाही, पुलांच्या आराखड्यांशी गाठ असते. म्हणून करारात अपवादाची सोय ठेवली आहे. पण तो अपवाद प्रांत सरकारने कारणांसह जाहीर करावा लागतो. ‘आमचा दर्जा वरचा आहे’ असं संस्थेने पत्रात लिहिलं म्हणून अपवाद होत नाही. परीक्षा कोणत्या जाहीर अपवादाखाली मागता, एवढंच लेखी विचारा. बरीच प्रकरणं या एका प्रश्नावर सुटतात.

आधी स्वतःचा परवाना नीट वाचा. तो चालू हवा, ‘नॉन-प्रॅक्टिसिंग’ (व्यवसाय करायला मुभा नसलेला) नको. त्यावर काही अट असेल, तर ओंटारियो तशीच अट घालू शकतो. इंजिनिअर-इन-ट्रेनिंग (पूर्ण परवान्याआधीचे उमेदवार) असाल, तर हे संरक्षण मिळत नाही. आणखी एक चूक वारंवार होते : परदेशी पदवीधराचा सर्वसाधारण अर्ज भरला जातो आणि फाइल मूल्यांकनाच्या रांगेत जाते. तुमचंही तसंच झालेलं दिसतं. अर्जाचा प्रकार ‘दुसऱ्या प्रांतातून बदली’ असा लेखी दुरुस्त करून घ्या. अर्ज पूर्ण झाल्यावर अशा अर्जांवर ३० कामकाजी दिवसांत निर्णय द्यायचा असतो, म्हणून ‘अर्ज पूर्ण’ असं लेखी मिळवा. तारीख तिथून मोजली जाते.

रुजू होण्याचं म्हणाल, तर १ जानेवारी २०२६ पासून ओंटारियोत पूर्ण नोंदणीआधी काम करू देणारी ‘ॲज ऑफ राइट’ सोय आहे आणि इंजिनिअर तिच्यात येतात. परवाना आणि कागद पडताळून झाले की १० कामकाजी दिवसांत काम सुरू करता येतं, तेही कमाल सहा महिने. तेवढ्यात पूर्ण नोंदणी उरकायची. पडताळणीआधी कंपनीने बोलावलंच, तर ओंटारियोच्या परवानाधारक इंजिनिअरने जबाबदारी घेतलेल्या कामातच हात घाला. ती जबाबदारी नेमणूकपत्रात लिहून घ्या. हुद्द्यात ‘इंजिनिअर’ शब्द नको, आणि अल्बर्टाचा शिक्का ओंटारियोच्या एकाही नकाशावर उमटू देऊ नका.

नकार आलाच, तर कारणं लेखी मागा. सुनावणी मागण्याची मुदत नोटिशीतच असते, ती चुकवू नका. अंतिम निर्णयानंतर डिव्हिजनल कोर्टात जायला ३० दिवस मिळतात. फेअरनेस कमिशनरचं कार्यालय संस्थांवर देखरेख ठेवतं, पण तुमचा निर्णय ते फिरवू शकत नाही. त्या वाटेवर हे ३० दिवस घालवू नका. आणि ओंटारियोचा परवाना हाती येईपर्यंत अल्बर्टाची वार्षिक फी भरत राहा. तो परवाना पडला, तर या अर्जाचा पायाच जातो.