सी-फोर जनुक, सिनॅप्स आणि मुलीची काळजी

प्रश्न : यजमानांना बाविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. गोळ्या चालू आहेत, नोकरीही करतात. मेंदूतले सिनॅप्स छाटणारं ‘सी-फोर’ जनुक या आजारामागे असतं, असं वाचलं. मुलगी चौदा वर्षांची आहे. तिची तपासणी करून घ्यावी का?

उत्तर : नको. त्या अहवालावरून कोणताही डॉक्टर काही ठरवू शकणार नाही.

दोन चेतापेशींमधला निरोप जिथून जातो तो सांधा म्हणजे सिनॅप्स. लहानपणी हे सांधे गरजेपेक्षा जास्त बनतात, मग नको असलेले काढले जातात. कपाळामागच्या भागात ही छाटणी विशीपर्यंत चालते, आणि आजार बहुधा याच वयात उघड होतो. सी-फोर जनुकापासून बनणारं त्याच नावाचं प्रथिन हे खरं तर रोगप्रतिकाराचं. जंतूवर ते खूण करतं आणि भक्षक पेशी त्या जंतूला गिळतात. मेंदूत तशीच खूण सिनॅप्सवर पडते. तिथे गिळण्याचं काम मायक्रोग्लिया पेशी करतात. २०१६ साली स्टीव्हन मॅकॅरॉल, बेथ स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या जनुकाच्या ज्या रचनेमुळे ‘ए’ प्रकारचं प्रथिन जास्त बनतं, ती असलेल्यांत स्किझोफ्रेनिया जास्त आढळतो. छाटणीचा पुरावा मात्र उंदरांमधला आहे. माणसात ती प्रमाणाबाहेर होत असावी, हा त्यावरून बांधलेला अंदाज.

आणि ‘जास्त’ म्हणजे किती? सुमारे १.२७ पट. हजारात दहांना होणारा आजार तेरांना होईल, एवढाच फरक. २०२२च्या मोठ्या अभ्यासात डीएनएमधल्या, आजाराशी जोडलेल्या २८७ जागा सापडल्या, बहुतेकींचा वाटा याहूनही लहान. ग्रिन-टू-ए या सिनॅप्सवरच्या जनुकातले काही बिघाड धोका बऱ्याच पटींनी वाढवतात, पण ते फार दुर्मीळ.

आई-वडिलांपैकी एकाला आजार असेल तर मुलांमध्ये शक्यता साधारण दहात एक. म्हणजे दहांपैकी नऊ मुलांना तो होत नाही, हे कृपया लक्षात ठेवा. मुलीला गांजापासून दूर ठेवणं सर्वांत महत्त्वाचं. किशोरवयात त्याने धोका खरोखर वाढतो. मैत्रिणी तुटणं, मार्क एकाएकी घसरणं, अकारण संशय, कुणी नसताना आवाज ऐकू येणं, असं काही दिसलं तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलि-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

जनुकीय तपासणीला अर्थ कधी? जन्मजात हृदयदोष, टाळूतली फट, रक्तात कॅल्शियम कमी, शिकण्यात अडचण, यांतलं काही मुलीला किंवा यजमानांना असेल तर बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असू शकतो, आणि त्याने स्किझोफ्रेनियाचा धोका बराच वाढतो. तसं असल्यास जनुकतज्ज्ञांना मायक्रोॲरे, म्हणजे असे गळालेले तुकडे शोधणाऱ्या तपासणीबद्दल जरूर विचारा.