ग्राफाना एनजिनएक्सच्या मागे गेलं की पान कोरं का?

प्रश्न : ग्राफाना (आकडे आलेखांत दाखवणारा डॅशबोर्ड) पोर्ट ३००० वर झकास चालतं, पण एनजिनएक्समधून (पुढे प्रॉक्सी म्हणून, म्हणजे विनंत्या आत पोचवायला ठेवलेला वेब सर्व्हर) डोमेनपुढे 'स्लॅश ग्राफाना' असा पत्ता दिला की अॅप्लिकेशन फाइल्स लोड झाल्या नाहीत असा मेसेज येतो. दोन रात्री गेल्या, काय करू?

उत्तर : अहो, बिचाऱ्या ग्राफानाला कळतच नाहीये की आपण पोटपत्त्यावर (त्या 'स्लॅश ग्राफाना'वर) राहतोय, ते आपल्या फाइल्स डोमेनच्या मुळाशी शोधतं. ग्राफानाच्या आयएनआय (सेटिंग्जच्या) फाइलमधे सर्व्हर सेक्शनला रूट यूआरएल (बाहेरून उघडायचा पत्ता) पूर्ण द्या, शेवटच्या स्लॅशसकट, आणि सर्व्ह फ्रॉम सब पाथ ट्रू करा, मग रीस्टार्ट (हा विसरतातच लोक, मीपण). आता गंमत बघा, एनजिनएक्सच्या प्रॉक्सी पास ओळीत (विनंती पुढे कुठे पाठवायची ते सांगणारी) मात्र ३००० नंतर स्लॅश ठेवायचा नाही, ठेवलात तर एनजिनएक्स तो पोटपत्ता कापून पुढे पाठवतं आणि ब्राउझर रीडायरेक्टच्या चकरा मारत बसतो. एका स्लॅशपायी माझा अख्खा रविवार गेलाय.

लॉगिनला 'ओरिजिन नॉट अलाउड' आलं तर होस्ट हेडर (ब्राउझरने कोणतं डोमेन मागितलं ते सांगणारी ओळ) पुढे जात नाहीये, तो जोडा. लाइव्ह पॅनल हलत नसतील तर वेबसॉकेटचे (सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीचे) अपग्रेड आणि कनेक्शन हेडर एनजिनएक्समधे द्या, एचटीटीपी व्हर्जन १.१ ठेवा.

आणि हो, ३००० बाहेरून उघडा ठेवलाय का? मग प्रॉक्सीचा उपयोग काय! १२७.०.०.१ वरच (म्हणजे त्याच मशीनपुरतं) बांधा, डॉकर (अॅप्स कंटेनरमधे चालवणारं) असेल तर पोर्ट मॅपिंगमधेच तसं लिहा, कारण डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला (लिनक्सच्या फायरवॉलला) जुमानत नाही.