ऱ्होड आयलंडला आधी आठवडा द्या

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला शिकते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. नकाशावर ऱ्होड आयलंड नखाएवढं दिसतं. हे बेट आहे का? तिथे पाहण्यासारखं काही आहे, की नुसता मुक्काम ठेवून बोस्टन-न्यूयॉर्क करावं? – एक वाचक

उत्तर : ताई, बोस्टन प्रॉव्हिडन्सहून रेल्वेने साधारण तासाभरावर आहे, ते कधीही होईल. आधी एक आठवडा ऱ्होड आयलंडला द्या. मी प्रॉव्हिडन्समध्ये बरीच वर्षं राहिले आहे, म्हणून आग्रहाने सांगते.

हे बेट नाही. राज्याचा बहुतेक भाग मुख्य भूमीवर आहे. नॅरागॅन्सेट बे ही खाडी समुद्रापासून पार प्रॉव्हिडन्सपर्यंत आत शिरली आहे आणि तिच्यात बेटं आहेत. त्यांतल्या ज्या बेटावर न्यूपोर्ट वसलंय, त्याचं नाव राज्याला पडलं. क्षेत्रफळाने हे अमेरिकेतलं सर्वांत लहान राज्य, वस्ती अकरा लाखांच्या आसपास.

पहिल्याच संध्याकाळी प्रॉस्पेक्ट टेरेस या टेकडीवरच्या बागेत जा. तिथे रॉजर विल्यम्सचा पुतळा शहराकडे पाहत उभा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये हा पाद्री दोन गोष्टी उघड बोलायचा : सरकारने कुणाच्या श्रद्धेत हात घालू नये, आणि इथल्या मूळ रहिवाशांची जमीन मोबदला न देता घेऊ नये. त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. 1636 च्या ऐन हिवाळ्यात तो निसटला आणि नॅरागॅन्सेट या मूळ रहिवासी जमातीच्या प्रमुखांनी दिलेल्या जागेवर त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं. 1663 मध्ये इंग्लंडच्या राजाने या वसाहतीला सनद दिली, तिच्यात धर्माचं स्वातंत्र्य स्पष्ट लिहिलेलं आहे. ती मूळ सनद स्टेट हाउसमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानभवनात ठेवली आहे, चुकवू नका.

त्या स्वातंत्र्यामुळे कोण कोण आलं, हे न्यूपोर्टला कळतं. प्रॉव्हिडन्सच्या केनेडी प्लाझावरून 60 नंबरची बस थेट तिथे जाते. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं 1699 चं सभागृह आणि 1763 चं टुरो सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, एकाच दिवसात पाहून होतात. अमेरिकेत आजही उभं असलेलं सर्वांत जुनं सिनेगॉग हेच. 1790 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने इथल्या ज्यूंना पत्र लिहून कळवलं, की हे सरकार धर्मद्वेषाला थारा देणार नाही आणि छळाला साथ देणार नाही. ते पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळे भरून आले होते.

मात्र तिथून थेट श्रीमंतांच्या वाड्यांकडे वळू नका. फेअरवेल स्ट्रीटवरच्या जुन्या दफनभूमीत आफ्रिकन लोकांच्या थडग्यांचा एक भाग आहे, ‘गॉड्स लिटल एकर’. न्यूपोर्ट आणि ब्रिस्टल या बंदरांतून इथलीच जहाजं रम भरून पश्चिम आफ्रिकेला जायची, तिच्या बदल्यात माणसं विकत घ्यायची. ज्यांच्या जागेवर राज्य उभं राहिलं, त्या नॅरागॅन्सेटांवरही 1675 च्या डिसेंबरमध्ये वसाहतींच्या फौजेने हल्ला केला, त्यात बायकामुलंसुद्धा मारली गेली. सनदेइतकाच हाही इथला इतिहास आहे, आणि माझ्या मते मुलीबरोबर बसून बोलावा असा आहे.

वाड्यांपैकी ‘द ब्रेकर्स’ हा एकच पुरे. व्हॅंडरबिल्ट कुटुंबाचा, 1895 मध्ये पूर्ण झालेला, सत्तर खोल्यांचा. त्याच्या पाठीमागून जाणारी क्लिफ वॉक ही कड्यावरची पायवाट मला वाड्यापेक्षा आवडते. एका बाजूला समुद्र, आणि तिकीट नाही.

शेवटी एक दिवस ब्लॉक आयलंडसाठी ठेवा. पॉइंट जुडिथहून फेरी मिळते. बेटाच्या दक्षिणेकडच्या कड्यावरून समुद्रातल्या पाच पवनचक्क्या दिसतात. डिसेंबर 2016 मध्ये सुरू झालेला हा अमेरिकेतला समुद्रातला पहिला व्यावसायिक पवनऊर्जा प्रकल्प. मे महिन्यातही फेरीच्या डेकवर वारा बोचतो, तेव्हा दोघांचे स्वेटर आणि कानटोप्या हातातल्या पिशवीतच ठेवा.